तीन काळ्या रेघा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आवाज गेला नाही! बावीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज एकमेकांना जोडून दिले आणि आज माझाच पोहोचला नाही.

अकरा वाजता सुनावणीचा फोन आला. कामगार कार्यालयाची इमारत दुरुस्तीला काढलीय, म्हणून सध्या सगळं फोनवरच चालतं — अधिकारीबाई, हॉस्पिटलचे वकील आणि मी, तिघं एकाच लाइनवर. आणि नेमकी तेव्हाच खालच्या सुताराने करवत लावली. मी फोन कानाशी दाबून ओरडतेय, आणि बाई म्हणतायत, "तुमच्याकडून नुसती घरघर येतेय." मग वकिलांचा आवाज, लोण्यासारखा मऊ. "आमचं म्हणणं यातच आलं, मॅडम. यांना साधा मोबाईल हाताळता येत नाही."

त्यांचं म्हणणं काय आहे ते लिहून ठेवते, म्हणजे राग थंड व्हायचा नाही. डिसेंबरात हॉस्पिटलने टेलिफोन बोर्ड काढून टाकला आणि यंत्र बसवलं — अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. आम्ही चौघी ऑपरेटर घरी. बाकी तिघींनी नोकरी सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या आणि मोकळ्या झाल्या. मी म्हटलं, दुसरं काम द्या, नोंदणी विभागात खुर्च्या रिकाम्या आहेत. लेखी उत्तर आलं, "सदर कर्मचारी नवीन उपकरणे हाताळण्यास असमर्थ." असमर्थ! हा शब्द मागे घेतल्याशिवाय मी सोडणार नाही.

पुढची तारीख १८. बाईंनी स्पष्ट सांगितलंय, तेव्हाही आवाज नीट आला नाही तर कागदांवरूनच निकाल देणार. कागद त्यांच्याकडे गठ्ठाभर आहेत. माझ्याकडे फक्त तोंड आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी हे म्हणाले, "त्या दिवशी ताईकडे जाऊन बोल. तिच्याकडे शांत असतं." नाही जाणार. उद्या नोंदणीत बसले तर तिथे काय शांतता असणार आहे? गोंगाटातूनच आवाज पोचवायचा, हेच तर माझं काम होतं.

दुपारी माळ्यावरून माझा जुना हेडसेट काढला. बोर्डाबरोबर भंगारात जाणार होता, शेवटच्या दिवशी मी गुपचूप पिशवीत टाकला. (चोरी म्हणायची तर म्हणा.) त्याचा माईक वाकड्या दांडीवर अगदी ओठांशी येतो, त्यामुळे जवळचं तेवढंच पकडतो. करवतीला हाच उतारा.

अडचण एकच. त्याला दोन पिना, एक हिरवी आणि एक गुलाबी. फोनला भोक एकच. हिरवी लावली तर ऐकू आलं. ह्यांना जिन्यात उभं करून फोन लावला. म्हणाले, "विहिरीत पडल्यासारखी बोलतेयस." म्हणजे फोन माझ्या माईकला विचारतच नाही, टेबलावर पडल्यापडल्या स्वतःच्याच माईकने ऐकतोय. गुलाबी लावली तर काहीच नाही.

हे वरून खाली येताना म्हणाले, "सही करून मोकळी हो ना." रात्रीची भाजी जरा जास्तच तिखट झाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानातून जोडणी आणली. एका बाजूला एक पिन, दुसऱ्या बाजूला दोन भोकं. दोन पिनांना दोन भोकं, हिशेब बरोबर! दोन्ही खोचल्या, रेकॉर्ड केलं आणि ऐकलं — करवत, करवत, आणि खूप लांबून मी.

फोन तीनदा बंद करून चालू केला. सेटिंगमध्ये शिरून रेकॉर्डरला माईक वापरायची परवानगी आहे का ते पाहिलं. होती. पिना उलटसुलट केल्या. भोकात फुंकरसुद्धा मारली. लेकीला फोन केला तर ती ऑफिसातून म्हणाली, "आई, मी नवीन बिनवायरचा पाठवते ना." नको. सुनावणीच्या पत्रकात लिहिलंय, वायरचा वापरा, मध्येच बॅटरी गेली तर सबब चालणार नाही. शिवाय मला हा चालवायचाय. हाच.

८ फेब्रुवारी, शनिवार

मोबाईल दुरुस्तीवालीकडे गेले. खिडकीएवढं दुकान, डोळ्याला भिंग, माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. माझी जोडणी हातात घेऊन हसली. मला हसणं आवडलं नाही, पण पुढचं आवडलं.

"काकू, ही दोघांनी मिळून गाणी ऐकायची जोडणी आहे. हिला माईक ठाऊकच नाही."

मग तिने पिन माझ्या डोळ्यांसमोर धरली. पिनेवर काळ्या रेघा असतात म्हणे! दोन रेघा असतील तर फक्त ऐकायचं. तीन असतील तर ऐकायचं आणि बोलायचंही. माझ्या जोडणीला दोन. बावीस वर्षं कानाला लावून बसले आणि पिनेकडे कधी बघितलं नव्हतं. लाज वाटली. मग वाटलं, कसली लाज? त्या वकिलाला तरी माहीत असेल का?

तिने दुसरी दिली. तीन रेघांची, एका भोकावर कानाचं चित्र आणि एकावर माईकचं. दिसायला आधीचीच जुळी बहीण.

१० फेब्रुवारी, सोमवार

चालला! ह्यांना गच्चीवर पाठवलं, हातात पेपर दिला आणि म्हटलं, वाचा. ह्यांनी निधनवार्ता वाचायला घेतल्या. मी म्हटलं, अहो, दुसरं काही वाचा. तर म्हणाले, "तुझा आवाज स्वच्छ येतोय, पण मध्येच कोणीतरी चणे फुटाणे भाजतंय."

मान हलवली की कडकड. वायर जिथे वाकते तिथे आतून तुटलीय. संध्याकाळी दुरुस्तीवालीने दोनदा सोल्डरचा डाग दिला, दोनदा कडकड परत आली. म्हणाली, "काकू, खूप बोललाय हा. आता सोडा त्याला."

घरी येऊन मी थोडी रडले. हेडसेटसाठी कोणी रडतं का! पण रडले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडा उरला. हट्ट मात्र पुरून उरेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तीन नंबर आली होती.

बोर्डावर आम्ही एकमेकींना नावाने हाक मारत नसू. फोनवर नाव सांगायचं नाही, खुर्चीचा नंबर सांगायचा, असा नियम होता आणि तोच घरापर्यंत आला. ती तीन, मी चार. बावीस वर्षं तिचा उजवा कोपर माझ्या डाव्या कोपराला लागायचा. डिसेंबरात तिने सगळ्यांच्या आधी सही केली तेव्हा मी तिच्याशी बोलले नव्हते. आज दारात उभी राहिली, तर काय करणार? आत घेतलं.

"ह्यांनी सांगितलं, तुझा हेडसेट गेला," म्हणाली. (ह्यांनी म्हणजे माझ्या ह्यांनी! परस्पर फोन करतात. त्यांच्याशी नंतर बोलेन.) पिशवीतून तिचा स्वतःचा हेडसेट काढला. जवळजवळ नवा, ओठांशी येणारा माईक, एकच पिन. मी आधी रेघा मोजल्या. तीन.

"अगं, चार नंबर, रेघा कळायला लागल्या की तुला!" ती म्हणाली, आणि मलाच शिकवायला लागली. माईक ओठांसमोर नको, हनुवटीच्या बाजूला ठेव, नाहीतर 'प' आणि 'फ' फुटतात. आधी दोन ओळी रेकॉर्ड करून ऐकून घे. हिला मोबाईलवर मेसेज पाठवायला मी शिकवलं होतं!

"एवढं कुठे शिकलीस?"

"घरून थोडं वाचायचं काम करते गं. रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं." पोरांच्या गोष्टी वाचत असेल. आवाज गोड आहेच तिचा, तक्रार करायला फोन केलेले लोकसुद्धा तिला धन्यवाद म्हणून फोन ठेवायचे.

वायरीवर एक बटण आहे. ती म्हणाली, "हे बटण मात्र —" मी म्हटलं, बटण मला शिकवू नकोस, अर्धं आयुष्य बटणावर अंगठा ठेवून काढलंय.

चहा झाला. जाताना जिन्यात थांबली. "तू तिकडे कधी फोन लावतेस का?"

"त्या यंत्राशी बोलायला? मेले तरी नाही."

"नकोच लावूस," म्हणाली. आणि हेडसेट परत करायची घाई नाही, ठेव तुझ्याकडेच, असंही म्हणाली. तिच्यावरचा राग निम्मा तरी गेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खाली जाऊन सुताराला सांगितलं, अकरा वाजता करवत लाव. तो गोंधळला. "काकू, लोक बंद कर म्हणून सांगायला येतात." मी म्हटलं, लाव, सगळ्यात मोठी लाव.

लावली. घरातली भांडी थरथरली. रेकॉर्ड केलं, ऐकलं. मी! स्वच्छ मी, आणि मागे कुठेतरी एक माशी.

हे तीनदा ऐकून म्हणाले, "फारच स्वच्छ येतोय. वकिलाची कीव येते." आता सही कर म्हणत नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उद्या. चांगले कपडे इस्त्री करून ठेवले. फोनवर कोण बघणार आहे? तरी केले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

अकराला फोन आला. बाई म्हणाल्या, "आज आवाज छान येतोय." मी सुरुवात केली — दिवसाला किती फोन, किती विभाग, बोर्ड तीन वेळा बदलला आणि तिन्ही वेळा नवीन बोर्ड आठवड्यात शिकलो, कोणी शिकवणारा नसताना. पाच मिनिटं छान चाललं. आणि मला खोकला आला.

आमच्या बोर्डावरचं पहिलं शिक्षण: खोकला, शिंक, पाण्याचा घोट, काहीही समोरच्याच्या कानात जाऊ द्यायचं नाही. अंगठा बटणावर, आपला आवाज बंद, खोकायचं, अंगठा पुन्हा. विचार करावाच लागत नाही. तसाच दाबला. खोकले. पुन्हा दाबला. कानात काहीच नाही. लाइन गेली होती! बोर्डाच्या हेडसेटवर बटण आवाज बंद करतं, मोबाईलवर फोनच बंद करतं. तीन नंबर तेच सांगत होती, आणि मी तिला बोलू दिलं नाही.

हे दारात उभे होते, त्यांचा चेहरा पांढराफटक. पण सुनावणीच्या लाइनचा नंबर मला पाठ होता. नंबर मला एकदा ऐकला की पाठच होतो. लावला. आत शिरले तेव्हा वकील बोलत होते, "पुन्हा तेच, मॅडम. आता यापेक्षा आणखी पुरावा काय द्यायचा?"

मी म्हटलं, "बोलू का?" आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. खोकला, अंगठा, बटण. चूक माझी. अर्ध्या मिनिटात परत आले हेही माझंच.

बाई काहीतरी म्हणाल्या, पण त्यांचा प्रत्येक शब्द दोनदा येत होता. सुरुवातीपासूनच येत होता, मी उगाच मध्ये बोलले नव्हते. बाई वैतागल्या. वकील लगेच म्हणाले, "तो त्यांच्याच हेडसेटमुळे येतोय."

आता मात्र मला राहवेना. मी म्हटलं, "हेडसेटमधून प्रतिध्वनी येत नाही. माझ्या कानात जे येतं ते माझ्या माईकपर्यंत पोचत नाही. बाईंचे शब्द दोनदा येतायत, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी फोन स्पीकरवर टेबलावर आहे, आणि खोलीत सामान कमी आहे. वकीलसाहेब, फोन उचलून कानाला लावा."

खुडबुड झाली. मग बाई म्हणाल्या, "हॅलो." एकदाच. स्वच्छ.

बाईंचं पेन कागदावर चालताना ऐकू आलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "हं, तुम्ही पुढे सांगा." मी पुढे वीस मिनिटं बोलले. अंगठा मांडीखाली दाबून ठेवला होता.

करवत वाजलीच नाही, हे नंतर लक्षात आलं. जिन्यात पाहिलं तर सुतार पायरीवर हात बांधून बसला होता. विचारलं तर म्हणाला, "जेवायची सुट्टी." साडेअकराला!

१९ फेब्रुवारी, बुधवार

घसा बसलाय. बसू दे. काम झालंय त्याचं.

१९ मार्च, बुधवार

निकाल आला. 'असमर्थ' हा शेरा नोंदीतून काढून टाकावा. नोंदणी विभागात काम द्यावं, एक तारखेपासून. मी उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवला, निधनवार्तांच्याच सुरात. सुताराला पेढे... नाही, त्याला गोड चालत नाही. त्याला सरळ जाऊन सांगितलं. त्याने करवत बंद करून ऐकलं.

तीन नंबरला फोन केला. उचलला नाही. दोनदा केला.

२० मार्च, गुरुवार

एक तारखेला कुठल्या खोलीत हजर व्हायचं ते विचारायला हॉस्पिटलला फोन लावला. यंत्र बसल्यापासून पहिल्यांदाच. हेडसेट कानावर होता.

"नमस्कार. नोंदणीसाठी एक दाबा."

तीन नंबर. नमस्कारातच ओळखली.

काहीही दाबलं नाही. सगळं शेवटपर्यंत ऐकलं, मग पुन्हा लावून ऐकलं. याच माईकवर बोललेलं असणार, एकही 'प' फुटला नाही. चांगलं वाचलंय मेलीने.