टाकीपासून पंपापर्यंत

रामदासपेठ, नागपूर
मार्च १९७४

भाऊजी,

नमस्कार करते, पण या वेळी वाकून नाही. तुमच्या भावाचे डोळे गेल्यापासून तुमचं एकच चाललंय, "आंधळ्याले मोटार कशाले पाहिजे?" आता तर म्हणता, "या रविवारी येऊन मीच ते घेऊन जातो." तर आता ऐका.

यांची ती जुनी मॉरिस आम्ही दोघांनी पुन्हा उभी केली. पेट्रोलची नळी गंजून चाळणी झाली होती. यांनी गाडीखाली आडवं होऊन तिचं एकेक वळण बोटांनी चाचपलं. हे सांगत गेले, तशी मी तांब्याची नवी नळी लाटण्यावर हळूहळू वाकवली. टाकीपासून पंपापर्यंत ती बसवली आणि इंजिन सुरू केलं.

"बंद कर वं!" हे ओरडले. "पेट्रोलचा वास येऊन राहिला."

मला काही दिसेना. यांचं बोट मात्र थेट पंपाजवळच्या ओल्या सांध्यावर गेलं. नट तिरपा बसला होता. तो काढून मी पुन्हा सरळ आवळला, मग थेंबही गळला नाही. बोनेटवर हात ठेवून हे हसले. किती दिवसांनी हसले, भाऊजी!

"आता चालव," म्हणाले.

"लायसन्स आहे, पण मले भेव वाटते."

"मले नाही वाटत."

मी चालवली.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, तुमच्या हातातच देईन. रविवारी तुम्ही निघायच्या आधीच खापरखेड्याला तुमच्या दारात हॉर्न वाजवीन. गाडी न्यायची असेल, तर आधी मला खाली उतरवून दाखवा.

तुमची भावजय,
जयवंता