ओपाचं सोनं

प्रिय अश्वजित,

तुझ्या नागपूरच्या नव्या घराचे फोटो पाहिले. झकास झालंय. पण त्या फोटोंनी इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइममध्ये काय गोंधळ घातलाय, याची तुला कल्पना नाही.

आपला घरमालक, ज्याला सगळेच ओपा, म्हणजे आजोबा म्हणतात, तो विसरला नसशीलच. दर शनिवारी तुला नि मला मेटल डिटेक्टर घेऊन टाउनुसच्या डोंगरातल्या जंगलात पिटाळायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी पळणाऱ्या सैनिकांनी तिथे सोन्याच्या पेट्या पुरल्या, त्यांचे ट्रक वर जाताना त्याने लहानपणी स्वतः पाहिले, ही कथा आपल्याला तोंडपाठ. सापडलं काय, तर बाटल्यांची बुचं, एक चमचा आणि घोड्याची गंजलेली नाल. या वेडापायी बायको सोडून गेली, मुलगी मोनिका बोलेनाशी झाली, गावाने टिंगल केली. पण गडी खोदतच राहिला.

तू अचानक नोकरी सोडून परत गेलास आणि वर्षाच्या आत दुमजली घर! ओपाच्या खजिनाशोधक मंडळाने निकाल लावून टाकला, सोनं अश्वजितला सापडलं. मी तुझ्या गृहकर्जाचं सांगायला गेलो, तर सगळे मलाच डोळा मारतात. गंमत म्हणजे कुणीच रागावलेलं नाही. पोलिसांत जायचं नाही, असं ओपाने सगळ्यांना बजावलंय. पोरगा चांगला आहे, म्हणतो, त्याच्या नशिबात होतं.

मला आधी हसू आलं होतं. आता येत नाही. ओपाचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी हात टेकले आणि त्याला घरी पाठवलं. आणि सोनं सापडल्याचं ऐकून मोनिका परत आली आहे. बापाला उगीच वेड्यात काढलं म्हणून खूप रडली. आता रोज त्याच्या उशाशी बसून ती ट्रकची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकते. मी दारात उभा राहून बघतो आणि खरं सांगायचं राहून जातं. फार जीव जडलाय रे माझा या म्हाताऱ्यावर.

ही मेल घाईने लिहितोय, कारण येत्या रविवारी तो तुला फोन करणार आहे. मोनिकासमोर, स्पीकरवर. त्याला वाटा नकोय. एवढंच विचारायचंय, पेट्या जंगलातल्या ओढ्याच्या अलीकडे होत्या की पलीकडे? पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील मीही घेतलंय, आणि तू तर गमतीतही खोटं बोलत नाहीस. तेव्हा काय उत्तर द्यायचं ते मी सांगणार नाही. फक्त कानावर घालतो, तो जन्मभर पलीकडेच म्हणत आला आहे.

तुझाच,
उज्ज्वल