सगळी पुस्तके लाल करणाऱ्या ग्रंथपालाची तजवीज

मी, बद्रीनाथ धर्मराज उगले, वय ७१, सेवानिवृत्त ग्रंथपाल, मूळ राहणार तीर्थपुरी, हल्ली मुक्काम जालना, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मात्र २० फेब्रुवारीपासून मी जबर धक्क्यात आहे, हेही लपवत नाही. अशा माणसाचे मृत्युपत्र चालते का, असे मी वकील रामप्रसाद यांना विचारले. ते म्हणाले, "काका, शुद्ध हाये ना? मंग झालं. धक्का बसू नये असं कायद्यात कुठं बी न्हाई."

कलम १. मागच्या डिसेंबरात केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात मी घर मुलगा हरिओम याला दिले होते आणि पत्नी झुंबरबाई हिला मागच्या खोलीत हयातभर राहण्याचा हक्क ठेवला होता. माझी स्वतःची ६१२ पुस्तके विद्यापीठ उपकेंद्राच्या ग्रंथालयाला दिली होती, तीही अटींवर: काचेची कपाटे, कुलूप, माझ्या नावाची पितळी पाटी, आणि लेखी परवानगीशिवाय कोणी हात लावू नये. शेवटी एक ओळ होती, "पत्नी निरक्षर असल्याने तिला हे वाचून दाखवावे." ती ओळ मीच लिहिली. वाचून मात्र दाखवले नाही.

कलम २. रद्द करण्याचे कारण लिहायची गरज नाही, असे वकील म्हणतात. मला आहे.

त्या ग्रंथालयात मी तेहतीस वर्षे काढली. माझ्या काळी वाचक खिडकीबाहेर उभा राहायचा. तो चिठ्ठी द्यायचा, मी पुस्तक आणून द्यायचो. आत पाय ठेवायची परवानगी प्राध्यापकांनाही नव्हती. पुस्तके जपली ती मी, हे आजही छाती ठोकून सांगतो. निवृत्त झाल्यावर मी तिकडे फिरकलो नाही. २० फेब्रुवारीला, गुरुवारी, डिसेंबरच्या मृत्युपत्राची प्रत देण्यासाठी गेलो आणि दारातच थबकलो.

खिडकी नव्हती. भिंतच पाडली होती. कपाटांना दारे नव्हती. पटका बांधलेले एक गृहस्थ माती तपासणीचा कागद पसरून बसले होते आणि विद्यार्थिनी त्यांना तो समजावून सांगत होती. एक बाई मांडीवर लेकरू घेऊन पेपर वाचत होती. जिथे माझी "शांतता राखा" पाटी होती, तिथे पाण्याचा माठ. जुन्या बियाण्यांच्या पुड्यासुद्धा तिथून घरी नेता येतात, पीक आल्यावर तेवढ्याच परत करायच्या. चोरी होत नाही का, असे मी हल्लीच्या ग्रंथपाल अर्पिता मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "होते की सर, थोडीफार. पण तुमच्या टायमाला वाचक येत नव्हते, आता जागा पुरंना." कुलपाची कपाटे आता ठेवत नाही, असेही त्यांनी गोड बोलून सांगितले. माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी एक यादी पुढे केली. तिचे नाव "जिवंत पुस्तके". गावातली जाणती माणसे दर गुरुवारी येऊन बसतात. आपण माणूस निवडायचा, अर्धा तास त्याने सांगायचे आणि आपण ऐकायचे. नावे छापत नाहीत, फक्त विषय. विहीर खोदणारा होता, सुईण होती. सातव्या क्रमांकावर लिहिले होते, "पुस्तकवाल्याच्या घरात". हा कोणी मंठ्याचा पुस्तक विक्रेता असणार असे मला वाटले. त्याच्या चुका काढाव्यात म्हणून मी त्या क्रमांकाची चिठ्ठी दिली.

टेबलाशी माझी बायको येऊन बसली.

गुरुवारी ती भजनी मंडळाला जाते, असे मी दोन वर्षे समजत होतो. मी एवढेच म्हणालो, "हरिओमची माय, तू हितं काय करून राह्यली?" ती म्हणाली, "आता मधी बोलायचं न्हाई. इथला नियम हाये. तुम्हाला नियम लई आवडतेत ना, मंग ऐका."

तिने सांगितले ते असे. आमची मुलगी सुरेखा १९९८ साली बारावीला होती. तिच्या बाईंनी वनस्पतिशास्त्राचे एक पुस्तक वाचायला सांगितले होते. जालन्यात त्याची एकच प्रत होती, माझ्या ताब्यात. पोरीने मागितले. मी नाही म्हणालो, कारण ती सभासद नव्हती. एवढे मला आठवत होते. त्याचा मला अभिमानही होता, घरच्यांनासुद्धा सवलत दिली नाही म्हणून.

"त्याच हप्त्यात तुम्ही रविवारी तीर्थपुरीला गेल्ते," झुंबर सांगत होती. "चावी खुंटीला व्हती. पोरीनं सांगितलं व्हतं, जाड हाये, निळं हाये, वर जास्वंदाचं फूल हाये. पोरगी भीतीनं आली न्हाई, म्या गेले. मला तवा वाचाया येत नव्हतं, पण फूल तं वळखू येतं ना? दार उघडलं तं सगळं लालच लाल. एक बी निळं न्हाई."

वाचणाऱ्यासाठी खुलासा: त्याच महिन्यात मी ग्रंथालयातली एकूण एक पुस्तके एकसारख्या लाल कापडात बांधून घेतली होती. लालमियाँ शेख हे बांधणीचे काम करत. कुलगुरूंची भेट होती, आणि कपाटे कशी पलटणीसारखी दिसावीत अशी माझी हौस. पुस्तकांच्या पाठीवर फक्त क्रमांक होते.

"म्या जाड बघून एक उचललं. घरी आणलं तं सुरेखा म्हणली, माय, हे तं कायद्याचं हाये. रडली न्हाई. म्हणली, राहू दे आता. दुसऱ्या रविवारी म्या ते परत ठिवून आले. तवर तुम्ही लालमियाँ भाऊच्या पिशवीची झडती घेतली व्हती."

हे खरे आहे. सोमवारच्या तपासणीत कायद्याचे पुस्तक कमी आले. मी चार माणसांसमोर लालमियाँ यांची पिशवी उलटी केली. त्यात सुई-दोरा आणि भाकरी निघाली. तरी त्यांचे काम मी बंद केले. आठवड्याने पुस्तक जागेवर सापडले, तेव्हा त्यांनीच घाबरून परत ठेवले असणार, असे म्हणून मी उलट शहाणा ठरलो.

त्या एका पुस्तकाने सुरेखाचे शिक्षण थांबले, असे झुंबर म्हणाली नाही, मीही म्हणत नाही. पण लेकीने मागितले आणि बापाने कपाट उघडले नाही, एवढे तिला पुरले. पुढे तिने माझ्याकडे काहीच मागितले नाही. लग्नातसुद्धा नाही. मला ती समजूतदार वाटायची.

अर्धा तास संपल्याची घंटा वाजली. झुंबर उठली, कारण बाहेर दुसरा वाचक थांबला होता. नोंदीत पाहिले, तर माझ्याआधी तेवीस जणांनी हे ऐकले होते. आख्ख्या जालन्याला माहीत, मला नाही. अर्पिता मॅडमनी छापील कागद दिला, "पुस्तक कसे वाटले?" तो अजून माझ्या खिशात कोरा आहे.

कलम ३. राहते घर झुंबरबाईच्या एकटीच्या मालकीचे. मागची खोली हरिओमने, आला तर, पाहुण्यासारखी वापरावी. त्याने पुस्तके रद्दीत घाला असे दिवाळीत म्हटले होते, ते मी विसरलेलो नाही.

कलम ४. तीर्थपुरीची जमीन हरिओम आणि सुरेखा यांना निम्मी निम्मी. चांगली बाजू कोणती ते सुरेखाने ठरवावे.

कलम ५. ६१२ पुस्तके त्याच ग्रंथालयाला. कुलूप नाही, पाटी नाही. एकच विनंती, त्यांना पुन्हा बांधायची वेळ आली तर मूळ मुखपृष्ठ झाकू नये. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही पुस्तक ओळखता आले पाहिजे.

कलम ६. लालमियाँ यांची बांधणीची लोखंडी दाबपट्टी त्यांचे काम बंद केले त्या दिवसापासून माझ्या माळ्यावर पडून होती. ती माझी नाही, म्हणून ती मृत्युपत्राने देता येत नाही. मी ती ४ मार्चला स्वतः नेऊन दिली आणि हात जोडले. ते म्हणाले, "बैठो उगले साब. भाभी दो साल पहलेच आके बोलके गई." त्यांची नात तरन्नुम ग्रंथालयात बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. तिच्यासोबत झुंबर त्यांच्या घरी गेली होती. म्हणजे माझ्या वाट्याची माफी माझ्याआधी मागून झाली होती. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील सांगतात, तेव्हा लालमियाँ यांना मी साक्षीदार व्हावे या विनंतीशिवाय काहीच देत नाही.

कलम ७. वनस्पतिशास्त्राचे ते पुस्तक ग्रंथालयाने जुने म्हणून वगळायला काढले होते. मी रीतसर अर्ज करून ते मागून घेतले. लाल कापड तसेच होते. लालमियाँ यांनी चष्मा चढवला, दोरे सोडवले आणि कापड अलगद काढले. आत निळा पुठ्ठा, त्यावर जास्वंद. रंग थोडासुद्धा उडालेला नव्हता. "मैं कवर फाडता नहीं था साब," ते म्हणाले, "अंदर रखता था." मी त्यांच्यासमोर रडलो, हे इथे लिहिले तर चालेल ना असे त्यांना विचारले आहे. ते म्हणाले, "बिलकुल."

हे पुस्तक सुरेखाचे. पण माझ्या मरणानंतर नाही. येत्या रविवारी, २३ मार्चला, मी ते घेऊन मंठ्याला तिच्या घरी जाणार आहे. तिने दार उघडले नाही तर मी ओट्यावर बसून राहीन. लोकांना मी तेहतीस वर्षे खिडकीबाहेर उभे केले आहे, तेव्हा माझी तक्रार नाही. रविवारच्या आत माझे काही बरेवाईट झाले, तरच हे कलम लागू होईल आणि झुंबरबाईने पुस्तक पोचवावे. रस्ता तिला माहीत आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी झुंबरबाई करील. तिच्या संमतीसाठी मी सवयीने अंगठ्याचे शाईपॅड आणले होते. ती आधी चष्मा लावून सगळी कलमे वाचत बसली, बोट ओळीवरून फिरवत, एक तास. कलम सातवर बोट बराच वेळ थांबले. मग तिने पॅड बाजूला सारले, पेन मागितले आणि म्हणाली, "रविवारी म्या बी येते. तुम्हाला एकट्याला पाहून ती दार उघडायची न्हाई."

लिहून देणार: बद्रीनाथ धर्मराज उगले (सही)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत उगले यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. लालमियाँ शेख, पुस्तक बांधणी कारागीर (सही उर्दूत)
२. केशरबाई, शेजारीण, निवृत्त परिचारिका (सही)

अंमलबजावणीस संमती: झुंबरबाई बद्रीनाथ उगले (सही, स्वहस्ते)

ठिकाण: जालना. मंगळवार, दि. १८ मार्च २०२५.