कढीपत्त्याला पाजलेली चांदी

फिंतास, कुवेत
१४ मे २००८

ती. चंद्रहासदादांना,

शरदचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो असं समजून घ्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा दमा? आमच्याकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ई-मेल करत नाही, कारण घरची ई-मेल माझ्याआधी तुमची भावजय रेखा वाचते आणि हे तिने वाचू नये. ऑफिसातला विजय उद्या नाशिकला निघालाय, त्याच्या हाती पाकीट देतोय.

दादा, तुम्ही तीस वर्षं कृषी महाविद्यालयात माती तपासलीत आणि मी पेट्रोकेमिकलच्या पाइपांत काय वाहतं ते पाहिलं. तेव्हा शेतीवर व्याख्यान द्यायला इथल्या मराठी मंडळाने कोणाला उभं करावं? मला. संक्रांतीला मी नॅनो तंत्रज्ञान आणि उद्याची शेती यावर पाऊण तास बोललो. एका केसाच्या जाडीत हजारभर मावतील एवढे कण, त्यांत औषध भरलं की ते किडीपाशी जाऊनच उघडणार, बादलीच्या जागी पेलाभर फवारा पुरणार, इथल्या वाळूतसुद्धा पाणी टिकणार, वगैरे. टाळ्या जोरात पडल्या (जेवणाची पानं मांडून झाली होती, तेही कारण असेल). एकट्या मुक्ताने विचारलं, की एवढे बारीक कण झाडात शिरतात, ते पुढे थांबतात कुठे? मुक्ता म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची, इस्पितळात नर्स आहे. मी म्हणालो, प्रश्न चांगला आहे. उत्तर येत नसलं की आम्ही इंजिनियर हेच म्हणतो.

आता झाडाकडे येतो. आमच्या इमारतीत मराठी घरं पाच, आणि पाचही घरांची फोडणी माझ्या बाल्कनीतल्या एका कढीपत्त्यावर चालते. दुकानात मिळतो तो वाळका, त्याला ना वास ना चव. त्यामुळे दर शुक्रवारी सकाळी मी जुड्या बांधून घरोघर पोचवतो आणि त्या दिवशी मला मान असतो (ऑफिसात नसतो, म्हणून सांगितलं). फेब्रुवारीत झाडावर पांढरी कीड पडली. शुवैखच्या गोदामांत जाफर म्हणून एक ओळखीचा बागेचं सामान विकतो, त्याने नॅनो चांदीची नमुन्याची बाटली हातावर ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, शोभेच्या झाडांसाठी, महिन्यातून एकदा, एक झाकण. दादा, माझं झाड काय कमी शोभतं? आणि एक झाकण म्हणजे भित्र्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेला आकडा. प्लांटमध्ये कुठलाही आकडा आला की त्यात सुरक्षेची सूट आधीच धरलेली असते, हे आम्हाला पाठ. मी दर आठवड्याला तीन झाकणं घातली. कुणाला बोललो नाही. कीड गेली, पानं तळहातासारखी रुंद आली, आणि शरदभाऊजींच्या हाताला गुण आहे असं जो तो म्हणू लागला. मीही नाही म्हणालो नाही.

मुक्ताला सहावा महिना आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, आधीची दोन राहिली नाहीत. यावेळी पोटात काही ठरत नव्हतं. ठरली ती फक्त कढीपत्त्याची चटणी आणि मऊ भात. तेव्हापासून सगळ्यात मोठी जुडी तिची. भाऊजी, तुमच्या झाडावर माझं बाळ वाढतंय, असं ती जिन्यात म्हणाली, आणि मी खुळ्यासारखा खूश झालो.

गेल्या महिन्यात कंपनीत बारीक धुळीच्या धोक्यांवर प्रशिक्षण होतं. अशा वेळी मी मागे बसून डुलकी काढतो. पण पडद्यावर नॅनो चांदीचं नाव आलं. माशांच्या अंड्यांवर प्रयोग झालेत म्हणे, आतली पिल्लं वाकडी निपजली. माणसांचं कुणी पाहिलेलं नाही, पोटातून कुठवर जाते कुणाला माहीत नाही. तेव्हापासून झाड मारायच्या मागे आहे. पाणी तोडलं, साबणाचं पाणी ओतलं, सत्तेचाळीस डिग्रीत भिंतीला टेकवून ठेवलं. मेलं मरत नाही, उलट फुटतंय. खालून रस्त्यावरून हिरवंगार दिसतं आणि मी दारात येणाऱ्याला पान संपलं म्हणून सांगतो. सगळी इमारत मला कद्रू म्हणते. रेखा तर बोलतच नाही. खरं सांगावं, तर मुक्ताने उरलेले तीन महिने घाबरून काढायचे, तेही कदाचित काही नसताना. आणि शरदने काय केलं हे पाच घरांना कळायचं. यातलं कुठलं कारण मोठं, ते मला विचारू नका. मी भित्रा आहे, हे तुम्ही मला विहिरीत पोहायला शिकवलंत तेव्हापासून तुम्हाला माहीत आहे.

घरच्या सगळ्यांना नमस्कार.
तुमचा,
शरद

ता. क. : खरं काम असं. पुढे बभ्रा झालाच तर दाखवायला तुमच्या प्रयोगशाळेच्या कागदावर चार ओळी लिहून पाठवा, की याने काही होत नाही. खरं काय ते तुमच्यापाशीच ठेवा. सही वाचता येईल अशी करा.

ता. क. २ : धुळीचं वादळ उठल्याने विजयचं आजचं विमान उद्यावर गेलं, म्हणून पाकीट पुन्हा फोडलं. मी ड्युटीवर असताना रेखाने माझ्या कद्रूपणाची लाज वाटून मोठी जुडी कापली आणि वर नेऊन दिली. कळल्यावर मी तसाच बुटांसकट वर गेलो आणि सगळं सांगितलं. मुक्ता रडली नाही, ओरडली नाही. ताट बाजूला सारलं, बाटली मागवली, चष्मा लावून वाचली आणि मला नर्ससारखे प्रश्न विचारले. किती झाकणं, कुठल्या तारखा, किती वेळा. डॉक्टरला दाखवायला लिहून घेतलं. वरचा ता. क. खोडून टाका.

ता. क. ३ : तिला मी चार वेळा म्हणून सांगितलं. अकरा वेळा घातलंय. तिच्या तोंडाकडे बघून अकरा म्हणवलं नाही. आता खरं काय ते अकरा वेळा धरून लिहा, आणि उत्तराच्या पाकिटावर नाव माझं नको, मुक्ताचं घाला.