तेल मुरेपर्यंत

आबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायचीही लाज वाटायला हवी. मला वाटत नाही. तुम्ही मला चौथीपर्यंत शाळेत घातलंत, गावात नावं ठेवली तरी घातलंत, त्या शिक्षणाचा उपयोग आज तुमच्यावरच करते आहे.

खालापूरच्या भातगिरणीच्या शेठची मोटार तुम्ही चालवायचात, पण चालवण्यापेक्षा पुसायचातच जास्त. लढाई सुरू झाल्यावर पेट्रोल चिठ्ठीवर मिळायला लागलं. मोटार आठवडा आठवडा छपरीत उभी, आणि पावसाळ्यात तिच्या तांबूस कातड्याच्या सीटांवर राखाडी बुरशी धरायची. मग आमच्या चुलीवर रिठे उकळायचे. आई अर्धा शिजलेला भात खाली उतरवून तुमचं पातेलं वर ठेवते आहे, हे मला अजून दिसतं. आधी कोरड्या फडक्यानं बुरशी झटकायची, मग रिठ्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं फिरवायचं. पाणी ठिबकलं की तुमचा आवाज चढलाच. शिवणीतला मळ काढायला बांबूच्या काडीला चिंधी गुंडाळायची. उन्हात ठेवायचं नाही, कातडं तडकतं. सावलीत सुकलं की कोमट एरंडेल तळहातावर घेऊन गोल गोल चोळायचं, तान्ह्या पोराला चोळावं तसं. "कातडं जितं असतं गं, त्याला प्यायला लागतं," असं म्हणायचात. आईचे केस वर्षभर कोरडे असायचे. त्यांना काय लागतं ते कोणी विचारलं नाही.

तेल लावलं की एक दिवस आणि एक रात्र कोणी बसायचं नाही. आपल्या घरात देवाचे नियम मोडले तरी चालायचे, हा नाही. लहानपणी मी एकदा तशा सीटवर जाऊन बसले. तुम्ही कान धरून बाहेर ओढलंत आणि आधी सीट निरखलीत, मग माझ्याकडं बघितलंत.

तुम्ही असे का झालात ते मला ठाऊक नाही असं नाही. एकदा तेल पुरतं मुरलं नव्हतं आणि शेठच्या पाहुण्याच्या पांढऱ्या धोतराला डाग पडला. शेठनं गिरणीच्या अंगणात, भात पाखडणाऱ्या बायांसमोर, तुमचं पागोटं उतरवायला लावलं आणि त्या पागोट्यानंच सगळ्या सीटा पुसून घेतल्या. मी तुमची भाकरी घेऊन आले होते. तुम्ही ओणवे होऊन पुसत होता आणि तो बोटानं दाखवत होता, इथं राहिलं, तिथं राहिलं. घरी येऊन तुम्ही ते पागोटं आईच्या अंगावर फेकलंत. "धू. आन् डाग राहिला तर बघ." शेठनं तुमच्यावर काढलं, तुम्ही आईवर. आईला काढायला कोणी नव्हतं, तिनं मला धपाटा घातला.

मग माझं पोशीरला लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. दिवाळी तोंडावर होती. शेठकडं पाहुणे यायचे होते, म्हणून लेक आदल्या दिवसापासून आत ओरडत असताना तुम्ही भल्या सकाळी जाऊन सीटांना एरंडेल लावून आलात. तुम्ही परतलात तरी सुटका झाली नव्हती, तेव्हा सुईण बाहेर येऊन म्हणाली, "माज्या हातातलं नाय आता. कर्जतला डाक्टरीणबाईकडं न्या हिला." आई धावत गिरणीवर गेली. आणि शेठ, तोच शेठ, म्हणाला, "मोटार न्या."

खिडकीखाली तुमचं आणि आईचं बोलणं मी आतून ऐकत होते.

"आत्ताच तेल लावलंय," तुम्ही म्हणालात.

"मंग?"

"मंग काय? मुरलं नाय अजून. हिला बसवली का सगळं उठंल त्यावर. आन् रगत सांडलं तर? ते निघत नाय, कितीबी रिठे उकळ."

"गोधडी टाका की खाली."

"गोधडीनं तेल टिपलं का पट्टे पडतील."

"अवो, शेठ सोता न्या म्हनलाय."

"आज म्हनलाय. उद्या डाग बघंल तवा पागोटं कोनाचं उतरंल?"

गोधडीचासुद्धा विचार करून झाला होता तुमचा. मी कळा देत होते आणि तुम्ही पट्ट्यांचं बघत होता.

बैलगाडी जुंपलीत. पेंढा चांगला जाड टाकलात, तेवढं खरं. पाच कोसांचा रस्ता, आणि त्याचा एकही दगड माझ्या पाठीनं चुकवला नाही. तुम्ही बैलाच्या बाजूनं चालत होता आणि थोड्या थोड्या वेळानं म्हणत होता, "आलं गं पोरी, आलं." कर्जतला लागूनची दहिवली येईतो ऊन उतरलं होतं. डॉक्टरीणबाईनं मला आत घेतलं, आणि सगळं झाल्यावर बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं, "मुलगा होता. फार उशीर केलात." मला तो दाखवला नाही. पुरायला तुम्हीच नेलात.

दिवाळीनंतर तुम्ही मोटारीचं काम सोडलंत. सीटा बघून शेठनं पाहुण्यांसमोर शाबासकी दिली होती, हे मला आईनं सांगितलं. पुढं तुम्ही लोकांच्या शेतावर राबलात, आणि मी माहेरी आले की ओटीवरच बसून राहायचात. मी तरी कुठं आत बोलावलं? माझी पुढची तीन पोरं तुम्ही लांबूनच पाहिलीत. धाकटी तुमच्या मांडीकडं धावली की मी तिला मागं ओढायची आणि म्हणायची, "नको गं, आजोबांचं धोतर खराब होईल." हे कुठं लागतं ते मला माहीत होतं. म्हणूनच म्हणायची. तुम्ही एकदाही उलटून बोलला नाहीत, त्याचा तर मला जास्त राग यायचा.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. एका दुपारी घरात आपण दोघंच होतो. मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही चमचा हातानं बाजूला केलात आणि विचारलंत, "मोटारीनं नेली असती तर वाचला असता का गं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "वाचला असता." तुम्ही मान हलवलीत, भिंतीकडं तोंड केलंत आणि पेज काही घेतली नाहीत. आठ दिवसांनी गेलात.

हे पत्र मी कोणाला वाचून दाखवणार नाही, आणि टाकायला तर कुठलीच पेटी नाही. म्हणून लिहिते. त्या सकाळी सुईणीनं मला विचारलं होतं, "हालतंय ना गं?" मी हो म्हटलं. नाही म्हटलं तर ते खरं होईल अशी भीती वाटली. पोट आदल्या दिवशी संध्याकाळीच गप्प झालं होतं, आबा. रात्रभर मी हात ठेवून वाट बघत होते. तुम्ही मला मोटारीनं नेलं असतंत तरी तो गेलेलाच होता. हे मला त्या गाडीत ठाऊक होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही ठाऊक होतं.