पाहुणीसाठी थांबलेली शर्यत

सर, काल तुमच्या मैदानावर गेले होते. प्रमुख पाहुणी म्हणून! मुलींच्या शर्यतीला झेंडा दाखवायचा होता आणि मी दोन तास उशिरा पोचले. वाटेत प्रकाशा गावात एका केळीच्या बागायतदाराकडं सत्कार, मग जेवण, मग आग्रहाची बासुंदी. मध्येच मैदानावरून क्रीडाशिक्षकाचा फोन आला, "ताई, पोरी तयार शेतस, काय करू?" मी म्हणाले, "मी आल्याशिवाय सुरू करू नका."

आमच्या वेळीही पाहुण्यांची जीप आली नव्हती. आम्ही अंग मोकळं करून चुन्याच्या रेघेवर उभ्या आहोत, तुम्ही रस्त्याकडं बघताय. तुमचं नेहमीचं बोलणं होतं, "तापेल आंग थांबत नही, पोरी. थंड्या पायवर पळशी तं नस धरी." आणि तुम्ही सरळ शिट्टी फुंकलीत. पाहुणे आले तेव्हा मी जिंकून पाणी पीत होते. त्या शर्यतीमुळं माझी राज्याच्या संघात निवड झाली, पेपरात फोटो आला, फोटोमुळं पक्षाच्या नजरेत भरले, आणि आज जिल्हा परिषदेत खुर्ची उबवतेय. तुमच्या वाट्याला मात्र, पाहुण्यांसाठी थांबला नाहीत म्हणून, खांडबाऱ्याची बदली आली. तिथं तुम्हाला भेटायला मी एकदाही आले नाही.

काल मी झेंडा खाली केला. डोंगरातून आलेली एक अनवाणी मुलगी सगळ्यांच्या पुढं निघाली आणि अर्ध्यात मांडी धरून कोसळली. उभं राहून राहून पाय आखडले होते, मला बघताक्षणी कळलं. लाज वाटली, सर, मान वर करवेना. तिची निवड गेली. लंगडत आली आणि मलाच सॉरी म्हणाली. तरी मी माइक हातात घेतला आणि तुमच्या शिस्तीवर बोलले. टाळ्याही पडल्या.

गाडीत बसले तर तो शिक्षक हात जोडून खिडकीशी उभा. शिट्टी गळ्यातच होती, न वाजवलेली. म्हणाला, "ताई, चूक व्हयनी. मन्ही बदली करू नका." बदल्या हल्ली माझ्या शब्दावर होतात, हे त्याला ठाऊक. चूक माझीच होती, हे अगदी ओठावर आलं होतं. पण शेजारी कार्यकर्ते बसलेले.

तुम्ही तर गेलात, आता कुठं पाठवणार हा कागद? ड्रॉवरमध्येच टाकते. त्या शिक्षकाला मी काय उत्तर दिलं, तेवढं फक्त तुम्हाला सांगायचं होतं. "बघू," म्हणाले, आणि काच वर केली.