परत न केलेली वाटी

सर, उद्या तुमच्याच वर्गात, तुमच्याच फळ्यासमोर मी बी.ए.च्या पोरांना अर्थशास्त्राचा पहिला तास घेणार आहे, आणि सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वाटतं मागच्या बाकावर येऊन बसाल आणि चष्मा पुसत म्हणाल, "विषय पे आओ।" आपलं बालाघाट मध्य प्रदेशात, वर्गात तेव्हाही हिंदीच होती. मराठी आपली घरादारातली.

त्या दिवशी फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या आणि त्या ठिपक्यावर मजुरी ठरते, असं तुम्ही शिकवत होता. मी उठून विचारलं, धान कापायला बाया-माणसं एकाच बांधीत, शेताच्या एकाच तुकड्यात वाकतात, मग बाईची मजुरी कमी का? तुम्ही म्हणालात, बाजार ठरवतो. "बाजार मतलब कौन, सर?" वर्ग खो खो हसला, तुम्ही लालेलाल. "ये सवाल समाजशास्त्र में पूछना। बैठो।" मी बसले, पण रागानं संध्याकाळपर्यंत जेवले नाही.

आणि मग पोळ्याचा तो वाटीचा प्रकार! तुम्ही नागपूरहून एकटेच आलेले, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. आईनं करंज्या पाठवल्या, तर दुसऱ्याच दिवशी तुम्ही तितक्याच करंज्या दुकानातून आणून वाटी परत केलीत. आई अशी भडकली!

"काय मास्तर, हिशेब चुकता करून राह्यले का? आमच्यापासून सुटका पाह्यजे तुमाले?"

तुम्ही दारात पार गोंधळलेले. "मग रीत काय असते, वहिनी?"

आईला हसूच आलं. "रिकामी देऊ नोका, अन् बरोबरीचंबी देऊ नोका. सवडीनं द्या, घरात असन ते."

मग कधी आमची वाटी तुमच्याकडे, कधी तुमची आमच्याकडे; तुमच्याकडून येताना तीत कधी कढीलिंबाची डहाळी यायची, कधी दोन पेरू, एकदा तुम्हीच तळलेली करपट भजी. बाबा आजारी पडले तेव्हा रोज संध्याकाळी तुम्ही त्यांच्याशी पत्ते खेळायला यायचात. एकदा वाटी माझ्या हातात देऊन म्हणालात, "तुझा प्रश्न चुकीचा नव्हता गं. माझ्या रेघांत तुझी आई मावत नाही." पण वर्गात रेघाच शिकवत राहिलात.

उद्या मीही आधी त्याच दोन रेघा काढणार आहे. मग विचारणार आहे, बांधी कोणाची, घरी चूल कोण पेटवतं, मजुरीला नाही म्हणायची सोय कोणाला आहे. तुमचंच शिकवणं मोडतेय असं वाटून डोळे भरून येतात, सर. फार आठवण येते तुमची.

हे पत्र टाकू तरी कुठं? राहील टेबलावरच, तुमच्या स्टीलच्या वाटीखाली. तुम्ही गेलात तेव्हा ती आमच्याकडे होती, आईनं वाळल्या बोरांचं कुटलेलं बोरकूट न्यायला तुम्ही पाठवलेली. आता मी तिच्यात खडू ठेवते. कोणी न्यायला आलं नाही म्हणून राहिली, असं सगळ्यांना सांगते. खरं तर मला ती परत करायचीच नाही.